मंडईतली भरल्या पोटाची कबड्डी

आरोग्य खात्यानं आम्हा प्रचाराच्या मुलींना पत्रकांचा एक गठ्ठा दिला होता आणि गावोगाव जायला सांगितलं होतं. पत्रकावर एक कुटुंब छापलेलं होतं. टेबल, टेबलावर कापड, कापडावर सफरचंदं, उकडलेली अंडी आणि दुधाचे पेले. खाली मोठ्या अक्षरात ‘सकस आहार’. भंडारा जिल्ह्यात सफरचंद कोण खात होतं? साकोलीला दवाखान्यासमोरच्या गाड्यावर ती मांडलेली असायची, आणि ते आजारी माणसाला भेटायला जाताना न्यायचं फळ आहे एवढंच लोकांना ठाऊक होतं. चिखल्याला खाणीच्या वसाहतीत मी ते पत्रक वाटलं तेव्हा एका बाईनं बराच वेळ चित्र न्याहाळलं आणि विचारलं, यांच्या घरी कोण आजारी आहे?

मागच्या बाजूला व्यायाम होता. हाफपँट घातलेला एक गुबगुबीत गृहस्थ कमरेवर हात ठेवून डावीकडे वाकलेला. आषाढ-श्रावणात दिवसभर चिखलात वाकून धानाची रोवणी करणाऱ्या बाईला मी हे दाखवायचं आणि वाकायला शिकवायचं! ज्यानं कोणी हे पत्रक छापलं त्याला एक दिवस बांधीत, धानाच्या त्या चिखलात, उभं करावं असं मला तेव्हा वाटायचं. आजही वाटतं.

पण त्याच पत्रकाच्या तळाशी, बारीक टाइपात, कुणाच्या नजरेस पडू नयेत अशा बेतानं दोन ओळी होत्या. ‘घरातील सर्वांनी एकत्र जेवावे.’ ‘मुलींनाही मैदानी खेळांची आवश्यकता आहे.’ मी त्या दोन ओळी धरल्या, बाकीचं पत्रक सोडून दिलं. तेव्हा मी विशी नुकतीच ओलांडली होती, सायकल माझी स्वतःची होती आणि राग चटकन यायचा.

कोंढ्याला माझी मावशी राहायची. तिच्याकडे मुक्काम ठेवून मी आसपासच्या गावांना जायची. त्यातलं एक गाव तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, होतं. पाळीला लागून एक मोकळं मैदान होतं, आणि त्यावर शाळेतली पोरं कबड्डी खेळायची. पोरी घागरी घेऊन पाळीवर उभ्या राहून बघायच्या. कोण बाद झालं, कोणाचा दम तुटला, हे पंचाच्या आधी त्या ओरडून सांगायच्या. मी हेडमास्तरांशी भांडले. खरं तर भांडायची गरज नव्हती, ते पहिल्याच वाक्याला ‘करा ना, बाई’ म्हणाले होते. पण मी तयारीनं गेले होते, म्हणून सगळं बोलूनच थांबले.

अशी आमची मुलींची कबड्डी सुरू झाली. भावांच्या हाफपँटी परकराच्या आत घालायच्या, मैदानावर आल्यावर परकर खोचायचा, आणि घरी जाताना पुन्हा सोडायचा. त्यात एक आठवीतली मुलगी होती, काटकुळी, लांब पायांची. चढाईला गेली की वाटायचं बगळा चाललाय, आणि हात लावून परतली की कळायचं की बगळा नव्हे, कोल्हा होता. तिला सगळ्या चढाईवालीच म्हणू लागल्या. तिच्या घरी तलावाखाली थोडी धानाची शेती होती, आईबाप दोघंही राबणारे, घरात दोन भाऊ आणि एक आजोबा.

एका सकाळी सराव चालू असताना ही चढाईवाली मधल्या रेषेवर येऊन उभी राहिली, हसली आणि खाली पडली. डोळे पांढरे. पाणी मारलं तेव्हा शुद्धीवर आली. तिचा बाप जवळच बांधीवर होता, तो धावत आला आणि एवढ्या मोठ्या लेकीला खांद्यावर टाकून घरी घेऊन गेला. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी पापणी खाली ओढून पाहिली आणि विचारलं, काय खाल्लं होतं? काही नाही. काल रात्री? उरलेला भात आणि मीठ. भाजी भाऊ आणि आजोबांच्यात संपली होती.

हे त्या एका घराचं नव्हतं. गावात कोणी पोरीला उपाशी ठेवायचं म्हणून ठेवत नव्हतं. आधी म्हातारे, मग पुरुष, मग पोरं, मग पाहुणा आला तर पुन्हा पाहुणा, आणि चूल विझल्यावर जे राहील ते आई आणि लेकी. तलावात मासळी होती, शिंगाडे होते, कुंपणावर पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा लटकत होत्या, घरी डाळ होती. सफरचंदाची काही एक जरूर नव्हती. फक्त भांडं पोरीपर्यंत पोचेस्तोवर रिकामं व्हायचं.

दिवाळीनंतर गावची मंडई होती. आमच्याकडे भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री दंडारीचं नाचगाणं किंवा नाटक, आणि झाडून सगळे सोयरे त्या दिवशी येतात. मंडईला पुरुषांची कबड्डी नेहमीची होती. मी हट्ट धरला की यंदा मुलींचीही होईल. तलावापलीकडच्या गावच्या मुलींना आमंत्रण गेलं. त्या हो म्हणाल्या.

मग चढाईवालीच्या बापानं मला अंगणात बसवलं. माणूस वाईट नव्हता. तो मुद्द्याचं बोलला.

“बाई, तुमचं बोलनं पटते मले. पन मंडईले दहा गावचे सोयरे येतेत. त्याईच्या पुढं पोरगी पडली तर फिट येते म्हनून बोभाटा होईन. मंग तिले सून कोन करन? येक डाव खेळू देतो. पडली तर खेळ बंद, शाळा बी बंद.”

“तिला फिट येत नाही,” मी म्हणाले. “तिला भूक लागते.”

“भूक तं सगळ्याइलेच लागते,” तो म्हणाला आणि उठून बैलांना वैरण टाकायला गेला.

चढाईवाली दाराआडून सगळं ऐकत होती. शाळा बंद म्हणजे काय हे तिला सांगावं लागलं नाही. तिची मोठी बहीण सातवीतून निघाली होती आणि आता तिच्या कडेवर मूल होतं.

आता अडचण बघा. खेळ मंडईच्या दिवशी, चार वाजता. आणि मंडईच्या दिवशी गावातल्या बाईच्या पोटात दिवसभर अन्न जात नाही. सकाळच्या पहिल्या बसपासून पाहुणे उतरतात, कोणी बैलबंडीनं येतात, कोणी पायी. आला की पाय धुवायला पाणी, मग ताट. एक पंगत उठली की दुसरी. वडे तळणं चालूच. घरची बाई आणि घरच्या पोरी पाहुणे ओसरले की जेवणार, म्हणजे दिवे लागल्यावर, कधी नाटक सुरू झाल्यावर. एरवी निदान शिळं तरी मिळायचं, त्या दिवशी तेही नाही. म्हणजे पडायचा मुहूर्त मी स्वतःच काढून दिला होता.

मी घरोघर जायचं ठरवलं. प्रत्येक मुलीच्या आईला सांगायचं की मंडईच्या दिवशी अकराच्या आत पोरीला जेवू घाला. सरळ मागणी. पहिल्या घरी मी ओट्यावर पाय ठेवला आणि तोंड उघडलं, तेवढ्यात समोर पाट आला. मी म्हटलं, मला जेवायचं नाही, मला बोलायचं आहे. बाई म्हणाली, “बोला ना, जेवता जेवता बोला. उपाशी मान्साचं कोन आयकते?”

बसले. भात, वरण, पोपटाची भाजी. मी तोंडात घास घेऊन स्त्रियांच्या आहारावर भाषण केलं आणि वाढायला कोण? तीच मुलगी, आमच्या संघातली उजव्या कोपऱ्याची पकडीवाली, जिच्यासाठी मी भांडत होते. मी नको म्हणायची, ती मुकाट्यानं आणखी वाढायची, आणि माझ्याकडे बघून गालात हसायची. आई म्हणाली, बाई, तुमचं खरं आहे, पण पाहुण्यांच्या आधी घरची पोरगी जेवली तर लोक काय म्हणतील?

दुसऱ्या घरी हेच. तिसऱ्या घरी मासळीचा रस्सा. चौथ्या घरापर्यंत मला सायकलवर बसवेना, मी ती हातात धरून चालत गेले. पाचव्या घरी ‘तिकडे जेवल्या आणि आमच्याकडे नाही?’ असा टोमणा बसला, म्हणून तिथेही खाल्लं. संध्याकाळी मी मैदानावर येऊन धोंड्यावर बसले. जिल्ह्यात त्या दिवशी माझ्याएवढा सकस आहार कोणी घेतला नसेल. माझ्या संघातल्या एकाही पोरीच्या पोटात त्या मोहिमेनं घास गेला नव्हता, आणि मी संतापानं नुसती धुसफुसत होते, कारण धड ढेकरही देता येत नव्हता.

सरावाला जमलेल्या पोरींतून चढाईवाली म्हणाली, “तुमाले बरं आहे ना बाई. तुमी पावनी. आमी घरच्या.”

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मी तिच्याकडे बघतच राहिले. मग विचारलं, तुम्ही एकमेकींच्या घरच्या आहात का? नाही ना? मग मंडईच्या दिवशी घरी कशाला थांबता?

त्यांना कळायला वेळ लागला नाही. पुढचा बेत त्यांनीच आखला, माझ्या हातात काही राहिलं नाही. कोण कोणाच्या घरी जाणार, कोणाची आई लवकर चूल पेटवते, कोणाची मामी आग्रह करकरून मारते, म्हणून तिच्याकडे कमी खाणारी पाठवायची नाही, दणकट पाठवायची. मी फक्त एक अट घातली: वडे दोनच, भात बेताचा, वरण आणि भाजी हवी तेवढी, आणि अकरानंतर काही नाही. माझी इतकी भाषणं त्यांनी कधी मनावर घेतली नव्हती, ही अट मात्र लगेच मान्य झाली.

मंडईच्या दिवशी सकाळी गावात बस थांबली, धुरळा उडाला, फुगेवाले आले, जिलबीचा घाणा पेटला. आणि आमच्या पोरी केस विंचरून, नवं परकर-पोलकं घालून, आपल्याच गावात पाहुण्या म्हणून निघाल्या. शेजारच्या घरात जाताना एकीनं पायसुद्धा धुवायला पाणी मागितलं. त्या घरच्या आजीनं तिला ओळखलं आणि म्हणाली, “काय वं, तू तं आमच्या भिंतीपलीकडची. पावनी कायची?” पोरगी म्हणाली, आज मंडई आहे ना, आज मी तुमच्याकडे आले. आता मंडईच्या दिवशी दारात आलेल्याला परत कोण पाठवणार? आजीनं सुनेला हाक मारली, ताट आलं.

अडकली ती नेमकी चढाईवाली. वडे थापायला तिचा हात चांगला, म्हणून आईनं तिला चुलीपुढून हलूच दिलं नाही. अकरा वाजत आले. मी त्यांच्या अंगणात येरझारा घालत होते, आणि मला बघून तिची आई पाट आणायला उठली, तेव्हा मी अक्षरशः पळाले आणि मागच्या दाराआड जाऊन उभी राहिले. मागोमाग आमची उजव्या कोपऱ्याची पकडीवाली तिच्या घरी शिरली, ठरल्याप्रमाणे पाहुणी. बसली. ताट वाढलं. आणि ती जेवेना. मान खाली घालून बसली.

आईनं विचारलं, काय झालं, मीठ कमी आहे का?

“एकटी कशी जेवू वं काकी? लाज वाटते मले.”

मला हे माहीत नव्हतं, आणि हे बेतातही नव्हतं. पण त्या गावात पाहुणीला एकटं जेवायला बसवत नाहीत, जोडीला घरातली कोणी बसते. सासुरवाशीण आली तरी, लहान पोर आली तरी. आईनं इकडेतिकडे पाहिलं. जोडीला बसण्यासारखी दुसरी कोणी नव्हती. तिनं झारा स्वतःच्या हातात घेतला आणि लेकीला म्हणाली, बस तिच्यासोबत.

म्हणजे चढाईवाली आपल्याच घरात, आपल्याच आईच्या हातचं, दिवसा अकरा वाजता, पुरुषांच्या आधी जेवली. पकडीवाली बिलंदर. स्वतः एकेक शीत खात होती आणि म्हणत होती, काकी, हिला वाढा, हिचं ताट रिकामं दिसलं की मला घास जात नाही.

तेवढ्यात बाप चार पाहुण्यांना घेऊन दारात आला. चुलीजवळ लेक जेवत बसलेली. घास तिच्या हातातच राहिला. आई काहीतरी सांगायला लागली, पाहुणी एकटी जेवत नव्हती वगैरे. बापानं हातानंच तिला थांबवलं.

“खाऊ दे. वरन वाढ तिले,” तो म्हणाला. “आज पडली तं माह्यं नाक जाईन.”

आणि पाहुण्यांना म्हणाला, बसा जरा, पान खा. मंडईच्या दिवशी पाहुण्यांना दारात थांबवणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता. त्यानं कारण नाकाचं दिलं, लेकीच्या पोटाचं नाही, याचा मला राग आलाच. पण राग मी संध्याकाळवर ढकलला.

चार वाजता मैदानाभोवती उभं राहायला जागा नव्हती. पाळीवर बाया ओळीनं बसल्या होत्या. आणि पलीकडच्या गावच्या मुली आल्या तेव्हा आमच्या पोरी एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. त्या सकाळपासून खऱ्याखुऱ्या पाहुण्या होत्या. कोणाची मावशी इथे दिलेली, कोणाची आत्या. चार-चार घरी जेवून आल्या होत्या. त्यांच्या कप्तान मुलीनं नाणेफेकीच्या वेळी मला हळूच विचारलं, बाई, जरा उशिरा नाही का चालणार?

तसा खेळ मी पुन्हा पाहिला नाही. त्यांची एक चढाईवाली मध्यरेषा ओलांडून आली आणि तिला उचकी लागली. कबड्डी, कबड्डी, हुक्, कबड्डी. पंच शिट्टी वाजवायची विसरून हसत सुटला. आमच्याही एकीला मामीचा आग्रह बाधला होता, ती पकडीच्या वेळी नुसतीच हात पसरून जड पावलांनी चालायची, आणि पाळीवरून तीच मामी तिला ओरडत होती, पळ ना वं, म्हशीवानी काहून चालून राहिली!

पहिला डाव त्यांनी घेतला. शरीरानं त्या भरीव होत्या, धरलं की सुटका नाही. दुसऱ्या डावात आमची काटकुळी चढाईवाली एकटीच बाकी राहिली आणि एकेकीला हात लावून परत येऊ लागली. प्रत्येक वेळी परतली की मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, ओठ पांढरे तर नाहीत? बाप मैदानाच्या कडेला उभा होता, पागोट्याचं टोक तोंडात धरून.

शेवटाला ती गेली तेव्हा चौघींनी तिला धरलं. पाय, कंबर, खांदा, जे सापडलं ते. आणि ती पडली. सगळ्या मंडईसमोर, तोंडावर, मातीत, आणि वर त्या चौघी. पाळीवरून एकच आवाज उठला, “पडली.” तिच्या आईनं पदर तोंडावर घेतला. बाप रेषेच्या आत आला, पंचानं त्याला हात आडवा केला.

आणि त्या ढिगाखालून आवाज आला. बारीक, मातीनं भरलेला, पण न तुटलेला. कबड्डी कबड्डी कबड्डी. एक हात बाहेर आला, बोटं मातीत रुतवत रुतवत पुढे सरकला आणि मधल्या रेषेवर टेकला.

चौघी बाद. मैदानात काय गोंधळ उडाला ते सांगत नाही. तरी आम्ही सामना हरलो, दोनच गुणांनी. पंच पलीकडच्या गावचा होता आणि आमच्या गावचा जावई होता. म्हणजे पाहुणा, त्यातून जावई, त्याला बोलणार कोण? मी बोलले. हेडमास्तरांनी मला बाजूला नेलं.

चढाईवाली उठून बापासमोर आली, नाकातून माती शिंकरत. बापानं तिच्या डोळ्यांत नीट पाहिलं, जसं बैल विकत घेताना बघतात, आणि मग पाहुण्यांकडे वळून मोठ्यानं म्हणाला, “पाह्यलं? चौघी लागल्या तिले धराले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेले. अंगणात मुक्कामाला राहिलेली सोयरेमंडळी बसली होती. त्यातल्या एका बाईनं विषय काढला की पोरगी चांगली धडधाकट आहे, आमचा मुलगा लाखांदूरकडे दुकान चालवतो, पोरीचं बघायचं का? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडली असती तर फिट येते म्हणून घरात बसवायची, आणि पडली नाही तर धडधाकट म्हणून उजवून टाकायची! मी उभी राहिले. भाषण तयार होतं.

पण बापानं माझ्याकडे पाहिलंही नाही. विडी काढली, काडी शोधली, आणि त्या बाईला म्हणाला, “सध्या तं खेळून राहिली ते. मॅट्रिक होऊ द्या, मंग पाहू.”

बाई म्हणाली, मॅट्रिकला तर अजून दोन-तीन वर्षं आहेत. तो म्हणाला, हो. आणि विडी पेटवली. हे सगळं बोलणं ऐकायला चढाईवाली तिथे नव्हतीच. ती परकर खोचत अंगणातून मैदानाकडे निघाली होती, सरावाला उशीर झाला म्हणून. पाहुणे अजून जेवायचे होते. आई पाट मांडत होती. तिनं हातातला पाट तसाच टेकवला, दारात आली आणि सगळ्या सोयऱ्यांच्या डोक्यावरून हाक मारली, “जेवून जाय वं!”